वर गार, का खाली गार?

गणपतराव मागच्या दाराशी आले की आधी चपला निघायच्या, मग टोपी निघायची, आणि मग आवाज यायचा, "बाई, फिटर आला आहे." स्वतःबद्दल ते असे तिसऱ्याच माणसासारखे बोलायचे. दार सताड उघडं असलं तरी आतून "या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. आत आल्यावर नजर जमिनीवर. कोणाच्या घरात काय आहे, कोण निजलंय, कोण भांडतंय, हे त्यांना दिसायचंच नाही. "आपण पाइप बघायला आलो, घर थोडंच बघायला आलो," असं ते एकदा सासूबाईंना म्हणाले, आणि सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांना कपातून नव्हे, पेल्यातून चहा द्यायला सुरुवात केली. आमच्या घरात पेला हा घरच्या माणसाचा मान होता.

आता हे पाइप कसले ते सांगते, नाहीतर भोपाळात घर गरम करायची यंत्रं कुठून आली असं कोणीही विचारील. कारखाना उभा राहिला तेव्हा बाहेरदेशाहून तज्ज्ञ आले होते. त्यांच्यासाठी टाउनशिपच्या टोकाला सहा बंगले बांधले आणि त्यांच्या देशातल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक खिडकीखाली लोखंडी रेडिएटर बसवले. ओळीच्या सुरुवातीला एक बॉयलरची खोली. तिथे कोळशावर पाणी तापायचं, पंपाने जमिनीखालच्या पाइपांतून एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत जायचं, सगळ्या खोल्या हिंडून थंड होऊन परत बॉयलरकडे यायचं. गोरे गेले, आपले साहेब राहायला आले, पण ओळीचं नाव मात्र 'गोरी लाइन' असंच राहिलं. आम्ही पुण्याहून बदलून आलो तेव्हा सहा नंबर रिकामा होता. तो रिकामा का होता हे डिसेंबरात कळलं. ओळीतलं शेवटचं घर, पाणी तिथवर पोचेपर्यंत दमलेलं असायचं.

पहिल्याच थंडीत सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर गार पडला. ह्यांनी तक्रार लिहून दिली आणि गणपतराव आले. बुटके, रुंद, कानात केस, खाकी शर्टाच्या खिशात एक खडू आणि एक बोटाएवढी पितळी चावी. मूळचे ग्वाल्हेरचे. मराठी आमचीच, पण तिला हिंदीचं पाणी भरपूर पाजलेलं.

"आपण हात लावा, बाई," ते म्हणाले.

"मी? तुम्ही फिटर ना?"

"फिटर तर आहे. पण माझा हात आता खोटा झाला." त्यांनी तळवे दाखवले. कोळसा आणि गरम लोखंड यांनी कातडी अशी जाड झाली होती की कढत काय नि कोमट काय, त्यांना उमजत नसे. "घरच्या माणसाचा हात खरा. आता सांगा, वर गार, का खाली गार?"

मी हात लावला. खाली गरम होतं, वर गार.

"वर गार म्हणजे हवा फसून राहिली आहे. खाली गार असती, तर गाळ बसला म्हटलं असतं. आणि सगळीच गार, तर पाणीच पोचत नाहीये. बस, एवढंच शास्त्र आहे. एक वाटी द्या."

वाटी घेऊन त्यांनी वरच्या बारीक छिद्राला चावी लावली. फुस्स करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखं चार थेंब पाणी आलं, लगेच चावी बंद. वाटीतलं ते चार थेंब पाणी त्यांनी बागेत नाही फेकलं. ते निरखून पाहिलं, बोटांत चोळलं आणि मग तुळशीपासून लांब, वाटेच्या कडेला ओतलं. "ह्यात सोडा आहे," म्हणाले. "तुळस मरेल."

सगळं दुखणं शोधायची त्यांची रीत हीच. प्रत्येक घरात बाईला हात लावायला सांगायचं, विचारायचं आणि ती सांगेल ते खरं मानून पुढचं काम करायचं. तपासून बघणं हा त्यांना अपमान वाटायचा, बाईचा आणि स्वतःचाही. मेंटेनन्सचे सक्सेनासाहेब त्यांना यावरून टोकायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "गणपत, थर्मामीटर रखा करो, औरतों की बात पर क्या चलते हो?" गणपतराव शांतपणे म्हणाले, "साहब, थर्मामीटर को ठंड नहीं लगती."

एक नंबरात मोठे साहेब राहत. त्यांना दिवाणखाना अजून गरम हवा होता, कारण त्यांच्याकडे पाहुणे येत आणि पाहुण्यांना रेडिएटर दाखवायचे असत. गणपतराव म्हणाले, एक नंबरच्या पाइपाचा व्हॉल्व्ह सैल सोडला की पाणी तिथेच ऐष करतं, सहा नंबरला पोचत नाही. साहेब म्हणाले, "छह नंबरवाले संभाल लेंगे." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मोठे साहेब आमच्या मागच्या दाराशी, मफलर गुंडाळून, आणि त्यांच्यामागे टोपी हातात घेतलेले गणपतराव. काय सांगून आणलं होतं देव जाणे. त्यांनी साहेबांना सासूबाईंच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "हात लगाइए." साहेबांनी हात लावला. सासूबाई पलंगावर गुडघ्यांवर रजई ओढून बसल्या होत्या, त्यांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी त्यांच्याकडे. त्या दिवसापासून आमचे रेडिएटर तापू लागले. आमच्यासाठी असं कोणी उभं राहिलं नव्हतं, तेही न सांगता. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना कोणाला माझी दया येणार नाही.

बॉयलरची खोली म्हणजे त्यांचं देवघर. तिथल्या फरशीवर बसून जेवता आलं असतं. वर गच्चीत एक टाकी होती, ती गणपतराव नळाच्या पाण्याने भरून ठेवत. पाइपांतलं पाणी कमी झालं तर त्या टाकीतून आपोआप भरून निघायचं. टाकीच्या आतल्या भिंतीवर ते रोज सकाळी खडूने रेघ ओढत. महिन्यात बोटभरापेक्षा जास्त पाणी उतरलं तर त्यांना चैन पडायचं नाही. सगळ्या घरांतून हिंडून कुठे थेंब गळतोय का विचारत. मी एकदा गमतीने म्हटलं, "गणपतराव, एवढं कढत पाणी भिंतीतून नुसतं फिरतंय, आंघोळीला का नाही काढत?"

ते हसले. "हे बाहेर यायचं पाणी नाही, बाई. हे फिरायचं. गोऱ्यांच्या टाइमाचंच पाणी आहे हे, तेच ते फिरून राहिलंय. नवं पाणी आलं की नवी हवा येते, नवं पाणी आलं की गंज येतो. जुनं आहे तोवर शांत आहे."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. नीट, मराठीत, माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गोरी लाइनमध्ये बंब पेटवायला बंदी होती. धुराने भिंती काळ्या होतात म्हणून. रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्यापातेल्याने पाणी तापवून चार माणसांच्या आंघोळी उरकायच्या म्हणजे सकाळी नऊ वाजेपर्यंत मी स्टोव्हलाच जुंपलेली. आणि न्हाणीच्या बाहेरच्या बोळात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रेडिएटरच्या बुडाशी एक छोटी तोटी. दुरुस्तीच्या वेळी सगळं पाणी काढून टाकायची. तिला मूठ नव्हती, चौकोनी टोक होतं, पान्याने फिरवायचं. एका सकाळी मी बादली तिरकी करून खाली सरकवली आणि स्वयंपाकघरातली सांडशी तिला लावली. फिरली. कढत, जरासं तांबूस, साबणासारखं गुळगुळीत पाणी धो धो बादलीत. दोन बादल्या. एका मिनिटात. सासूबाई न्हाणीतून बाहेर येऊन म्हणाल्या, "आज कसं अंग मोकळं झालं गं." मी तोटी बंद केली, फरशी पुसली आणि मला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. दोन बादल्यांनी काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हटलं. आमच्या शेजारणी म्हणतील 'पुण्याची आहे हो'.

आणि त्या म्हणाल्याच. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून मी जवाहर चौकातून प्लास्टिकचे मग आणले होते, तेव्हा ते नव्याने निघाले होते. लाइनीतल्या बायका आल्या. तीन नंबरच्या लेलेवहिनी मग हातात फिरवत म्हणाल्या, "मग दिलात, आता कढत पाणीही द्या." सगळ्या हसल्या. मला राहवलं नाही. मी त्यांना बोळात नेलं आणि सांडशी लावून दाखवली. तीळगुळापेक्षा त्या सांडशीचाच त्या दिवशी जास्त बोलबाला झाला. आठवडाभरात चार घरांत सकाळच्या आंघोळी रेडिएटरच्या पाण्याने होऊ लागल्या. ह्यांचे पांढरे शर्ट पिवळट पडले, तर मी धोब्याला बोलले.

मग गणपतराव रोज येऊ लागले. आज एक नंबरात हवा, उद्या पाच नंबरात. चावी, वाटी, फुस्स. चार दिवसांनी आले ते चावी न घेता. चेहरा उतरलेला.

"बाई, टाकी उतरून राहिली आहे. महिन्याला बोटभर उतरायची, आता रोज हातभर. नवं पाणी, नवी हवा. गळती आहे, मोठी आहे." मग त्यांनी बोळाकडे न बघता, जमिनीकडे बघत विचारलं, "ह्या खालच्या तोटीला कोणी हात तर नाही लावत?"

प्रश्न साधा होता. त्यात संशय नव्हता. वर गार का खाली गार, असंच विचारलं होतं.

मी म्हटलं, "छे. कोण लावणार?"

"तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं. खिशातून खडू काढून त्यांनी घरांचे नंबर लिहिलेल्या हातातल्या पाटीवर सहा नंबरापुढे रेघ मारली. त्या दिवशी त्यांनी सहाही घरांत विचारलं. सहाही घरांत तेच उत्तर मिळालं. कोणीही तोटी तपासली नाही, कारण तपासायचं ते गणपतरावांनीच, आणि बाईचा शब्द ते तपासत नसत.

घरात गळती नाही म्हणजे ती जमिनीत. गणपतरावांनी खणायला सुरुवात केली. पाइप जमिनीखाली कमरेएवढे खोल होते. सक्सेनासाहेबांनी दोन मजूर दिले, तेही अर्ध्या दिवसाचे. बाकी हे स्वतः. एक नंबरपासून फूट फूट पाइप उघडा करायचा, पुसायचा, लाकडी दांडा टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा. त्या चैत्रात त्यांना बढती देऊन चार्जमन करणार असं ठरत आलं होतं. बॉयलर त्यांच्या नावावर लागणार होता, आणि त्यांनी ते मला लाजत लाजत सांगितलंही होतं. पण खणताना त्यांच्या मनात ते नव्हतं. मला म्हणाले, "पाणी जाऊन कुठे राहिलंय, हे कळलं पाहिजे, बाई. पाणी असं गायब नाही होत."

मी त्यांना चहा देत होते. पेल्यातून.

मला का बोलता आलं नाही? खूप वेळा विचार केला आहे. ह्यांच्या नोकरीची भीती होती, पण तेवढी नव्हती. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर मी खोटी ठरेन ही लाज होती. तेव्हा ती लाज मला फार मोठी वाटली. मी लेलेवहिनींना जाऊन सांगितलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, "थंडी संपेपर्यंत काढू हो, मग कोण काढतंय." मी स्वतः दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे धरले आणि मी पुन्हा सांडशी घेतली.

तो दिवस असा, की टाउनशिपचं नळाचं पाणी सकाळी आलंच नाही. टाकी भरली नाही. आमच्या चार घरांनी मात्र आपापल्या बादल्या भरल्या, कारण नळाला पाणी नव्हतं, आणि रेडिएटरला होतं. आम्ही तर त्या दिवशी जास्तच काढल्या. गणपतराव खणत खणत सहा नंबरच्या मागे पोचले होते. बॉयलर एक तासासाठी एकटा सोडून ते माझ्या खिडकीखालच्या चरात उतरले होते, दांड्याला कान लावून. खिडकीच्या आत माझी तिसरी बादली भरत होती. पाण्याचा आवाज त्यांनी ऐकलाही असेल. कोणाच्या न्हाणीचा आवाज ऐकणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून एक जड आवाज आला. गणपतराव चरातून वर चढले आणि चपला तिथेच टाकून धावले. बॉयलर कोरडा पडून तडकला होता. कोणाला इजा झाली नाही. वरपासून खालपर्यंत एक बारीक फट, बस. पण ओतीव लोखंडाला सांधा लागत नाही, आणि तसला बॉयलर आपल्या देशात मिळत नव्हता.

चौकशीला दोन साहेब आले. घरोघर दारातच उभे राहून विचारत. आमच्या पायरीखाली गणपतराव टोपी हातात घेऊन उभे होते. "मॅडम, इस नीचे वाली टोंटी को घर में किसी ने कभी खोला?"

मी म्हटलं, "नाही."

गणपतरावांनी मान वर केली आणि साहेबांना म्हणाले, "देखिए साहब, मैं बोल रहा था न. घर के लोग ठीक कहते हैं. लीकेज ज़मीन में ही था, मुझे मिला नहीं." आणि मग, कोणी न विचारताच, "पानी देखना मेरा काम था."

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आता बोललीस तर चार घरं अडकतील." एकदाच म्हणाले. दोष त्यांच्यावर ढकलायचा मोह मला अजून होतो, पण त्यांनी फार काही आग्रह केला नव्हता. मला तेवढंच पुरलं.

कागदावर 'निष्काळजीपणा' आला. चार्जमन दुसराच कोणी झाला. गणपतरावांना बागांच्या नळांवर टाकलं. रबरी नळी घेऊन मोठ्या साहेबांच्या हिरवळीवर पाणी मारताना दिसायचे. मला बघितलं की नळी खाली धरून नमस्कार करायचे. पुढच्या थंडीच्या आधी रेडिएटर कापून नेले, बंबांना परवानगी मिळाली, आणि आमचीही पुढे बदली झाली.

बरीच वर्षं गेली. हे निवृत्त होऊन आम्ही भोपाळातच, तुलसी नगरच्या बाजूला आलो. एकदा मी गीझर घ्यायला जवाहर चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर काउंटरच्या आत स्टुलावर गणपतराव. पांढरे झालेले, जास्तच बुटके. दुकानदार त्यांना मानाने बसवून घ्यायचा. गिऱ्हाइकाला कुठली टाकी, कुठला पाइप, ते सांगायचे. एका माणसाला ते सांगत होते, "मशीन कितीही अच्छी घ्या, पण पाणी बघत जा. मी तीस वर्षांचा फिटर, एक दिवस पाणी नाही बघितलं, आणि साहेबलोकांचा बॉयलर फोडला." हे ते लाजून सांगत नव्हते. दुसऱ्याच्या कामी यावं म्हणून सांगत होते.

मला ओळखलं. उठून उभे राहिले. दुकानदाराला म्हणाले, "ये छह नंबरवाली बाई हैं. इनके घर का मैंने बहुत चाय पिया." मग माझ्याकडे वळून हळूच, "बाई, एक बात अजून नाही सुटली. पूर्ण लाइन खणली. फूट न फूट. एक थेंब ओल नव्हती. मग पाणी गेलं कुठे? सून म्हणते, सोडा आता. पण सुटत नाही."

मी सांगितलं. तिथेच, काउंटरला धरून. तोटी, सांडशी, बादल्या, संक्रांत, चार घरं, सगळं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, असंही सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

गणपतरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले.

"बाई, आपण किती मोठ्या मनाच्या," ते म्हणाले. "ह्या म्हाताऱ्याचा बोजा हलका करायला आपण आपल्यावर घेता? मी तेव्हा आपल्याला विचारलं होतं. आपण नाही म्हणाला होतात. बात संपली."

"गणपतराव, मी खरं सांगतेय."

"हो, हो," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. आणि दुकानदाराकडे वळून, "देखा सेठ? ऐसे लोग होते थे हमारी लाइन में."

मी आणखी एकदा तोंड उघडलं असतं, शपथ घेतली असती, लेलेवहिनींचं नाव घेतलं असतं, तर कदाचित पटलं असतं. पण त्या 'मोठ्या मनाच्या'ने मला इतकं बरं वाटलं, की मी गप्प बसले. पुन्हा एकदा. गीझरचं खोकं त्यांनी स्वतः उचललं, मला हात लावू दिला नाही, रिक्षात नीट टेकवून ठेवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "धीरे ले जाना, घर की हैं." रिक्षा वळेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला दोन्ही हात जोडून उभे होते.